मानाची वायर

सुदामा नगरातल्या आमच्या मराठी मंडळाने संगणक घ्यायचं ठरवलं, तेव्हा जेल रोडच्या दुकानदाराने आधी तयार संगणकच काढून दाखवला होता. देखणा होता. अध्यक्ष चिंतामणराव पोतनीसांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "यात आम्ही काय करायचं?"

"काहीच नाही साहेब. बस, बटन दबाया, चालू."

"बटण एक आणि कार्यकारिणीत मानकरी पाच," चिंतामणराव म्हणाले. "हा नको. सुटे भाग दाखवा."

बाहेरगावच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्यातली बहुतेक घराणी संस्थानच्या काळात फडावर, खजिन्यावर, कोठीवर कामाला इंदुरात आली. संस्थान गेलं, काम गेलं, मान तेवढा मागे उरला, आणि मान म्हटला की तो कुठेतरी ठेवावा लागतो. मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाला तीन कुलपं आहेत, कारण कपाटाचा मान तीन घराण्यांचा. एकदा एका मुलीने पाककृतींचं पुस्तक मागितलं. तिन्ही किल्ल्या एका दिवशी जमेपर्यंत तिचं लग्न झालं आणि सासूने तिला पुरणपोळीसुद्धा शिकवून टाकली. एका वर्षी गणपतीच्या आरतीचं ताम्हन धरायला एकेचाळीस जणांचा मान निघाला. शेवटी ताम्हन तिवईवर ठेवलं आणि आम्ही एकेचाळीस जण ताम्हनाभोवती फिरलो. गणपतीने एवढी गर्दी पाठमोरी कधी पाहिली नसेल.

तर सुटे भाग आले. ते जोडायचे कसे हे ठाऊक असलेलं माणूस आमच्यात एकच, प्राची.

प्राची मूळची संगमनेरची. तिकडे कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळायची. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात लागला म्हणून तीन वर्षांपूर्वी इथे आली, आणि तेव्हापासून घरीच. "आपण काय करता?" असं जो तो विचारायचा आणि उत्तर पुरतं न ऐकताच इंदुरी पोहे वाफेवर कसे करायचे ते सांगायचा. मंडळाने बायकांसाठी संगणकाचा वर्ग काढायचं ठरवलं, चौदा जणींनी नावं दिली, आणि शिक्षिका म्हणून प्राचीचं नाव पुढे आलं. त्या दिवशी ती घरापर्यंत चालत गेली नाही, पळत गेली. मी पाहिलंय.

अडचण एकच होती. वर्गाची खोली डॉ. सुनीता हर्डीकरांच्या मालकीची. तुकोगंजात दवाखाना, बोलणं मोजकं, तेही औषधासारखं कडू. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रविवारी अकरा वाजता मी येईन. पडद्यावर उजेड दिसला तर वर्ग सुरू आणि या प्राचीबाई शिक्षिका. नाही दिसला तर सोमवारी तिथे माझी गुडघ्यांच्या व्यायामाची यंत्रं येतील. आणि भाषण कुणीही करायचं नाही."

शेवटचं वाक्य ऐकून कार्यकारिणीतल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुधवारी सकाळी जोडणीचा समारंभ झाला. मी चिटणीस, म्हणजे ज्याच्या हातात वही असते आणि म्हणून ज्याने तोंड उघडायचं नसतं. मानांची यादी मीच वाचली. डब्यात मदरबोर्ड बसवून त्याचे नऊ स्क्रू पिळणं हे कष्टाचं काम, त्यामुळे ते मानात धरलेलं नव्हतं. ते प्राचीने आधीच करून ठेवलं. प्रोसेसर अध्यक्षांचा. तो त्यांनी दोन बोटांत अत्तराच्या फायासारखा धरून जागेवर ठेवला. प्रोसेसरवर लावायची पेस्ट एक्क्याण्णव वर्षांच्या रमाआजींकडे. त्यांनी गंधाचा लावतात तसा मधोमध एक ठिपका लावला. प्राची हळूच म्हणाली की संपूर्ण समारंभात शास्त्रशुद्ध झालं ते एवढंच. रॅम समीरची, तो बासष्ट वर्षांचा, म्हणजे आमचा युवा प्रतिनिधी. पॉवर सप्लाय उपाध्यक्षा यशोधराताईंचा. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे तो डबा त्यांनी छडी लपवल्यासारखा एका हाताने पाठीमागून आणला आणि खाली ठेवला.

मग मी वाचलं, "प्रोसेसरची आठ पिनांची वायर: श्री. मोहनराव दिघे."

मोहनराव उठले. उपरणं सारखं केलं. प्राचीने वायरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते टोक पाहिलं, मग नजर वायरीवरून मागे मागे नेली, आणि ती यशोधराताईंच्या पॉवर सप्लायमधून निघालेली पाहून तिथेच थांबवली.

"चिंतामण, ही काय भानगड आहे?"

"मान आहे, मोहनराव."

"मान? ही तर यांच्या डब्याची शेपटी आहे! गाय यशोधराताईंना दिली आणि शेपूट मला?"

"अहो मोहनरावजी, शेपटी धरूनच तर वैतरणी तरतात," यशोधराताई म्हणाल्या. त्यांना समजूत घालायची होती, पण चाळीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाईची समजूतही छडीसारखीच लागते.

"मग तुम्हीच तरा!" मोहनरावांनी वायर सोडली, चप्पल उलटसुलट घातली आणि थेट बेटम्याला मेहुण्याच्या मळ्यावर निघून गेले. संध्याकाळच्या आत त्यांच्या पत्नी मंगलाकाकूही बॅग घेऊन त्यांच्यामागे गेल्या, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या.

"ठीक आहे," प्राची म्हणाली, "मी लावते. पाच सेकंदांचं काम आहे."

खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे अशा वळल्या की पंखासुद्धा ओशाळला.

"बाळ," चिंतामणराव म्हणाले, "पाच सेकंदांसाठी पन्नास वर्षांचे संबंध तोडायचे? तो मान मोहनरावांचा आहे. तो राखून ठेवला जाईल."

आणि खरोखर राखला. वायरीचं टोक रेशमी बटव्यात घातलं, बटव्याला लाल नाडी बांधली, आणि पणजोबांच्या वेळची पितळी मोहर घरून आणून चिंतामणरावांनी गाठीवर लाख ओतली. लाखेचा वास पार अन्नपूर्णा रोडपर्यंत गेला. मला नोंद करायला सांगितली: मान क्रमांक पाच, शिल्लक.

"पण काका, मग हा सुरू होणार नाही," प्राची म्हणाली.

"आधीच अपशकुनी बोलू नये. उद्या बघू."

गुरुवारी बटण दाबलं. पंखे गरगरा फिरले, डब्यात निळे-जांभळे दिवे लागले, टाळ्या झाल्या. समीरने पेढे वाटले. पडदा काळाच होता. आम्ही पाऊण तास त्या काळ्या पडद्याकडे नाटकाचा पडदा उघडायची वाट बघतात तसे बघत होतो. आत मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक तांबडा दिवा मिणमिणत होता, शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं: सीपीयू.

"हा दिवा म्हणजे प्रोसेसरची तक्रार," प्राची म्हणाली. "त्याला वीज मिळत नाहीये. ती त्याच वायरीतून जाते."

"ते एक कारण झालं," चिंतामणराव म्हणाले. "दुसरं कारण काय असू शकेल?"

"दुसरं कारण नाही."

"बाळ, कारण कधी एकटं नसतं."

म्हणून शुक्रवारी परेश भियांना, म्हणजे साध्या मराठीत परेशभाऊंना, बोलावलं. कॉलनीतले मिक्सर, इन्व्हर्टर, संगणक सगळं तेच बघतात. त्यांनी डब्यात डोकावलं आणि एका क्षणात मान बाहेर काढली.

"अरे भिया, आठ पिनवाली तर लावलीच नाही नी! ही बटव्यात कशाला बांधून ठेवली? नजर लागते का हिला?"

"ते सोडून सांगा," चिंतामणराव म्हणाले.

"ते सोडून काय सांगू? माणूस जेवला नाही म्हणून चक्कर आली, आणि तुम्ही म्हणता जेवण सोडून बाकी सगळं चेक करा."

"तरी पण."

परेश भियांनी खांदे उडवले. रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला, परत बसवली. तांबडा दिवा. मदरबोर्डवरचा गोल सेल काढून पाच मिनिटं बाहेर ठेवला, परत घातला. तांबडा दिवा. पडद्याची केबल बदलली, मग पडदाच बदलला, मग भिंतीतला प्लग बदलला. रमाआजींनी डब्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. यशोधराताईंनी डब्याला विचारलं, "काय रे, कळत नाही का तुला?" समीरने सुचवलं की संगणकाचं तोंड पूर्वेला करून बघावं. केलं. तांबडा दिवा आता पूर्वेकडे बघत मिणमिणू लागला.

परेश भियांनी हत्यारं गोळा केली. "मी इंदुरात तीस वर्षं मशीन दुरुस्त करतोय, पण असा फॉल्ट बघितला नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी सापडत नाही!" जाता जाता प्राचीला म्हणाले, "मॅडम, तुम्ही बेटम्याला चक्कर मारून या. मशीन इथे आहे, बिघाड तिकडे आहे."

शनिवारी सकाळी मी आणि प्राची धार रोडच्या बसने बेटम्याला गेलो. वाटेत ती एकदाच बोलली: "काका, मला खोटं बोलता येत नाही. मी त्यांना खरं काय ते सांगणार." मी म्हटलं, सांग. खरं बोलून रुसवा गेल्याचं उदाहरण आमच्या मंडळाच्या इतिहासात नाही, पण इतिहासाला कधीतरी सुरुवात हवी.

मोहनराव मळ्याच्या ओट्यावर लसणाच्या ढिगापुढे बसून गड्डे निवडत होते. तीन दिवसांत त्यांनी इतका लसूण निवडला होता की वरून जाणारे पक्षी तो मळा टाळून वळसा घालत होते.

"या चिटणीस. चिंतामणने पाठवलं?"

"नाही," प्राची म्हणाली. "मी आले. काका, तुमच्या वायरीशिवाय तो संगणक सुरू होत नाही. तीन दिवस झाले."

मोहनरावांचा हात थांबला. "खरं?"

"अगदी खरं. प्रोसेसरला वीज त्या वायरीतूनच जाते."

"प्रोसेसर, म्हणजे चिंतामणचा?"

"हो."

"म्हणजे तीन दिवस चिंतामण तिथे नुसता दगडासारखा बसलाय? अंधारात?"

"तसंच म्हणायचं."

मोहनरावांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी फक्त श्राद्धाच्या जेवणानंतर पाहिलंय. त्यांनी लसणाचा एक गड्डा अलगद बाजूला ठेवला. "मग राहू दे की! घाई काय आहे? अजून आठ दिवस बसू दे. गाय माझी नसेल, पण दूध कुणाच्या शेपटीतून येतं ते कळू दे जरा."

प्राची उठून उभी राहिली. "काका, गायीच्या शेपटीतून दूध येत नाही. आणि आठ दिवस नाहीत. उद्या अकरा वाजता डॉक्टर येणार. पडदा काळा दिसला की खोली गेली. तुमचं मंडळ दुसरीकडे जमेल, आणखी काहीतरी वाटून घेईल. मला तीन वर्षांनी काम मिळत होतं, ते जाईल. तुमचा मान शिल्लक राहील, काका, माझं काहीच शिल्लक राहणार नाही."

मोहनरावांनी बाजूला ठेवलेला गड्डा पुन्हा उचलला. "पोरी, तुझ्याशी माझं भांडण नाही. पण एकदा मी शेपूट धरली की जन्मभर शेपूटवाला दिघे."

तेवढ्यात आतून मंगलाकाकू ताकाचे पेले घेऊन आल्या. एक मला दिला, एक प्राचीला, आणि तिसरा स्वतःच पिऊ लागल्या.

"माझा?" मोहनराव म्हणाले.

"तुम्ही मानाचे. कुणीतरी मोहर लावून देईल." मग प्राचीकडे वळल्या. "यादीत माझं नाव चौथं आहे नी बाळ?"

मोहनराव चमकले. "कसली यादी?"

"वर्गाची. चौदा जणींची. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आधी तुम्ही माझा नंबर वर का नाही म्हणून रुसला असता." मंगलाकाकूंनी ओठांवर आलेली ताकाची मिशी पुसली. "मी बेचाळीस वर्षं तुमचे रुसवे काढले. साखरपुड्यात काढला, बारशात काढला, व्याह्यांच्या घरी तर दोनदा काढला. आता मला दुसरं काहीतरी शिकायचंय. उद्या अकराला मी सुदामा नगरात असणार. तुम्ही वायर लावा, नाहीतर लसूण निवडा."

बस येईपर्यंत मोहनराव लसूणच निवडत राहिले. फक्त निघताना मला हळूच विचारलं, "मोहर लाखेची केली का चिंतामणने? नुसत्या नाडीची तर नाही नी?"

मी म्हटलं, "लाखेची. पणजोबांची."

"हं," ते म्हणाले. त्या 'हं'मध्ये सव्वा शेर आनंद होता.

रविवारी दहा वाजता मोहनराव आले, मंगलाकाकूंच्या दोन पावलं मागून. चौदा बायका बाकांवर बसल्या होत्या. मोहनरावांनी सगळ्यांदेखत लाख फोडली, नाडी सोडली, बटवा मला दिला आणि आठ पिना बोर्डात दाबल्या. 'टक्' आवाज झाला. प्राचीने बटण दाबलं. तांबडा दिवा विझला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. चौदा बायकांनी एकदम श्वास सोडला तेव्हा खिडकीचा पडदा बाहेर गेला. प्राचीने डोळे मिटून घेतले.

तिने ते उघडायच्या आत मोहनराव बोलले. "कळलं आता, जीव कुणात होता ते?"

इथे त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण मान मिळालेला माणूस गप्प बसला तर मान मिळाला कशाला?

"जीव?" चिंतामणराव ताठ झाले. "प्रोसेसर नसता तर तुझी वायर म्हणजे सुतळी, मोहन. खाट विणायला कामाची."

"आणि माझा पॉवर सप्लाय नसता तर?" यशोधराताई म्हणाल्या. "थांबा, दाखवतेच." आणि त्यांनी पॉवर सप्लायचा मागचा खटका बंद केला. पडदा गेला.

"बघितलं?"

"त्यात काय, रॅम काढली तरी तेच होतं!" समीरने डब्यात हात घालून रॅम उपटली. चिंतामणरावांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि प्रोसेसरवरचा पंखा सोडवायला घेतला. रमाआजी म्हणाल्या, "माझं गंध पुसू नका हं, त्याशिवाय तापेल तो," आणि मोहनरावांनी, आपण मागे पडतोय असं वाटून, स्वतःची वायर स्वतःच काढली. दोन मिनिटांत मंडळाचा संगणक पुन्हा जेल रोडवरून आणला तसा झाला, फक्त या वेळी पुठ्ठ्यांशिवाय. घड्याळात अकराला दहा कमी होते.

मी प्राचीकडे बघितलं. ती रडेल असं मला वाटलं. ती फळ्याकडे गेली, खडू घेतला आणि लिहिलं: 'धडा पहिला. संगणक सुरू का होत नाही?'

मग वळून, शाळा दुमदुमेल अशा आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी आपापला भाग हातात धरा. उंच धरा, मागच्यांना दिसला पाहिजे. चिंतामणकाका, तुम्ही सुरुवात करा. हा काय आहे, आणि हा नसला तर काय होतं? एका वाक्यात."

एका वाक्यात बोलायची चिंतामणरावांवर आजवर वेळ आली नव्हती. पण बाकांवर चौदा वह्या उघडलेल्या होत्या, आणि ज्याचं बोलणं लिहून घेतलं जातं त्याला कुठे नाही म्हणता येतं? "हा प्रोसेसर," ते म्हणाले. "सगळा हिशोब हाच करतो. हा नसला तर बाकीचे नुसते बसून राहतात." चौदा पेनं चालली. समीरने रॅम सांगितली. यशोधराताईंनी पॉवर सप्लाय सांगितला आणि वह्यांमधल्या दोन शुद्धलेखनाच्या चुकाही. मोहनरावांनी वायर उंच धरली. "ही नसली तर…" आणि अडकले.

"पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळा राहतो," चौथ्या बाकावरून मंगलाकाकू म्हणाल्या. "आणि सगळ्यांना वाटतं, चालू आहे."

बायका खळखळून हसल्या, आणि दारातूनही कुणीतरी हसलं. डॉ. सुनीता तिथे उभ्या होत्या. किती वेळ ते कुणालाच माहीत नाही.

"पडदा काळा दिसतोय," त्या म्हणाल्या.

"हो," प्राची म्हणाली. "दहा मिनिटं द्या. धडा अर्धा झालाय." आणि पुन्हा वर्गाकडे वळली. "आता आपल्या हातातला भाग शेजारच्याला द्या."

सगळ्यांनी आपापला भाग छातीशी धरला. अडीचशे वर्षांत आमच्याकडे असं कुणी सांगितलं नव्हतं.

"द्या," प्राची म्हणाली. "जो ज्याचं त्याचं लावतो तो मानकरी. जो दुसऱ्याचं लावायला शिकतो तो विद्यार्थी. आणि या खोलीत आज फक्त वर्ग आहे."

सगळ्यांत आधी मोहनरावांनी वायर पुढे केली. समोर मंगलाकाकूंचा हात होता, त्यामुळे इलाज नव्हता. मग प्रोसेसर यशोधराताईंच्या तळहातावर गेला, रॅम रमाआजींकडे, आणि पंख्याचे स्क्रू पाचव्या बाकावरच्या प्रमोदिनीबाईंकडे, ज्या मंडळाच्या कुठल्याच यादीत कधी नव्हत्या. पॉवर सप्लायची जाड वायर चिंतामणरावांच्या वाट्याला आली. ती त्यांनी मुकाट्याने लावली. पेस्टचा ठिपका प्राचीने नव्याने दिला. मंगलाकाकूंनी आठ पिना दाबल्या आणि 'टक्' ऐकून स्वतःच म्हणाल्या, "बसली."

बटण प्राचीने दाबलं, कुणी घसा साफ करायच्या आत.

पडद्यावर उजेड आला.

डॉक्टरांनी चष्मा लावून पडदा बघितला, मग फळा बघितला, मग पर्समधून खोलीची किल्ली काढली. चिंतामणरावांनी सवयीने हात पुढे केला. किल्ली त्या हातावरून पुढे जाऊन प्राचीच्या हातात पडली. "उद्यापासून रोज," डॉक्टर म्हणाल्या, "आणि मला पुन्हा बोलावू नका."

चिंतामणरावांचा हात तसाच हवेत राहिला. प्राचीने त्यावर स्क्रू-ड्रायव्हर ठेवला.

"काका, डब्याचं झाकण लावायचं राहिलंय. चार स्क्रू आहेत."

त्यांनी चार स्क्रूंकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. त्यांच्या डोक्यात वाटणी सुरू झालेली मला स्पष्ट दिसली. "चारही मीच लावू, की…"

"कुणीही लावा, काका," प्राची म्हणाली आणि फळा पुसायला लागली.